ख्रिस्ताच्या मापाने आपले आत्मिक जीवन तपासणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवापूर, नंदुरबार आणि शहाद्याच्या वस्त्यांपासून धुळे, चाळीसगाव, जळगाव आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीपर्यंत खानदेशातील मंडळ्यांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या) आधी, उपवास-प्रार्थनेच्या शेवटी किंवा पाळकांच्या घरभेटीत तो निघतोच : मी ख्रिस्ती म्हणून जगतो आहे की नाही, हे मला कशावरून कळावे? पुढील उत्तरे पवित्र शास्त्राच्या आधारे आणि आपल्या भागातील रोजच्या जगण्याकडे पाहून लिहिली आहेत. ज्या बाबतीत मंडळ्यांमध्ये एकमत नाही, तिथे माझे मत मी माझे म्हणूनच मांडले आहे.

आत्मिक जीवन मोजता येते का?

तपासता येते, आणि तपासावे अशी शास्त्राची आज्ञाही आहे. ‘तुम्ही विश्वासात आहात की नाही याची स्वतःच परीक्षा करा,’ असे प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला सांगतो (२ करिंथ १३:५). ही परीक्षा गुण देण्यासाठी नाही, कारण शंभरपैकी किती मिळाले हे सांगणारे कोणतेही कोष्टक नव्या करारात सापडत नाही. आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत, कुठे अडलो आहोत आणि कुणाचे काय देणे राहिले आहे, हे देवासमोर प्रामाणिकपणे पाहणे, एवढाच तिचा हेतू आहे. स्तोत्र १३९ च्या शेवटी स्तोत्रकर्ता हे पाहण्याचे कामही देवावरच सोपवतो : हे देवा, माझे हृदय पारखून पाहा आणि माझ्यात काही वाईट मार्ग आहे का ते बघ. म्हणून आत्मपरीक्षेचा आरंभ स्वतःविषयी विचार करण्याने होण्यापेक्षा प्रार्थनेने व्हावा.

मापदंड नेमका कोणता?

येशू ख्रिस्त स्वतः. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल विश्वासणाऱ्याच्या वाढीची मर्यादा सांगतो, ती ख्रिस्ताच्या पूर्णतेच्या मापाइतकी. यापेक्षा खालचे माप त्याने कुणालाही दिलेले नाही.

अडचण अशी की व्यवहारात आपण ख्रिस्ताशी तुलना क्वचितच करतो. आपली तुलना शेजाऱ्याशी चालते. जो दारू पीत नाही तो दारू पिणाऱ्याशी स्वतःला ताडून पाहतो, जी बहीण दर रविवारी उपासनेला येते ती न येणाऱ्या जावेशी, आणि शहरातील मोठी मंडळी सातपुड्याच्या पायथ्याशी झोपडीत भरणाऱ्या मंडळीशी. स्वतःलाच माप समजून स्वतःची आपसांत तुलना करणारे शहाणे नव्हेत, असे पौल स्पष्ट म्हणतो (२ करिंथ १०:१२). लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपवास करत होता आणि सर्व उत्पन्नाचा दशांश देत होता. तो खोटे बोलत होता असे येशू कुठेही म्हणत नाही. त्याने माप मात्र मागे उभ्या असलेल्या जकातदाराचे घेतले आणि म्हणून त्याला आपल्यात काहीच उणे दिसले नाही. आमोस संदेष्ट्याला देव हातात ओळंबा घेऊन भिंतीजवळ उभा असलेला दिसला (आमोस ७:७-८). ओळंब्याने पाहणी होते तेव्हा शेजारची भिंत किती कललेली आहे, याला काही अर्थ उरत नाही.

ख्रिस्त हे माप आहे म्हणजे काय, हे नुसत्या ‘चांगले वागावे’ अशा वाक्याने कळत नाही. त्यासाठी शुभवर्तमाने वाचावी लागतात. तो पहाटे उठून एकांतात प्रार्थना करत असे. ज्यांना कुणी शिवत नव्हते त्या कुष्ठरोग्यांना त्याने हात लावला. ज्यांच्या पंगतीला बसणे कमीपणाचे मानले जाई त्यांच्यासोबत तो जेवला. पकडून दिला जाणार त्याच रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले, आणि वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली. मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचन म्हणजे हेच जीवन आज्ञांच्या रूपात मांडलेले आहे. आठवड्याला त्यातील एकच परिच्छेद घ्यावा आणि तो आपल्या घराला, शेताला आणि कामाच्या जागेला लावून पाहावा, असे मी सुचवीन.

तारण कृपेने मिळते. मग मोजमाप हवेच कशाला?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण हे कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळालेले दान आहे आणि ते कर्मांनी मिळत नाही, असे आठव्या आणि नवव्या वचनांत निःसंदिग्धपणे म्हटले आहे. लगेच पुढे, दहाव्या वचनात, आपण सत्कृत्ये करण्यासाठी ख्रिस्त येशूमध्ये निर्माण झालो आहोत, असेही म्हटले आहे. या दोन विधानांचा क्रम उलटा केला की सगळे बिघडते. सत्कृत्यांनी देवाची मर्जी मिळवायची असेल तर आत्मपरीक्षा ही रोजची धास्ती बनते, कारण पुरेसे झाले असे कधी म्हणताच येत नाही. उलट कृपेचे नाव घेऊन परीक्षाच टाळली, तर विश्वास हा नुसता तोंडी उरतो, आणि याकोब अशा विश्वासाला निर्जीव म्हणतो.

स्वीकार आधी झालेला आहे, म्हणूनच खरे पाहण्याचे धैर्य येते. ज्याला हाकलून दिले जाण्याची भीती असते तो आपले दोष लपवतो. ज्याला मुलगा म्हणून घरात घेतले आहे तो ते बोलून दाखवू शकतो. प्रॉटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन लूथरने १५१७ मध्ये लिहिलेल्या ९५ प्रबंधांपैकी पहिल्यातच म्हटले होते की विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे अशी प्रभूची इच्छा आहे. कृपेवर सर्वांत अधिक भर देणाऱ्या माणसाने आरंभ पश्चात्तापापासून केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

‘दोष काढू नका’ अशी आज्ञा असताना परीक्षा कशी करावी?

मत्तयच्या सातव्या अध्यायातील ती आज्ञा दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाविषयी आहे. आपल्या डोळ्यातील मुसळ आधी काढ, असे तिथेच सांगितले आहे, आणि ही आत्मपरीक्षेचीच आज्ञा आहे.

आमच्या घराण्यात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. त्याचा काही हिशेब होत नाही का?

तो वारसा मोठा आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. खानदेशात मिशनच्या काळी ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यापैकी अनेकांना नातलगांचा राग आणि भाऊबंदांचे तुटणे सोसावे लागले. परंतु अब्राहाम आमचा बाप आहे असे म्हणणाऱ्यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यार्देनेकाठी पश्चात्तापाला शोभेल असे फळ मागितले (मत्तय ३:८-९). आजोबांच्या विश्वासाचे फळ आजोबांना आले. दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ लिहिलेले असणे आणि ख्रिस्तामागे चालणे या दोन गोष्टी एका माणसात एकत्र असू शकतात, तशाच त्या वेगळ्याही असू शकतात.

उपासनेची हजेरी, उपवास, दशांश आणि शास्त्रवाचन यांवरून प्रगती कळते का?

अंशतः कळते. ही साधने आहेत, आणि साधनांचा त्याग करून कुणी आत्मिक जीवनात वाढल्याचे फारसे दिसत नाही. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने १७४३ मध्ये आपल्या मंडळांसाठी तीनच सर्वसाधारण नियम घालून दिले होते : वाईट करू नये, चांगले करावे, आणि देवाने नेमलेली साधने, म्हणजे उपासना, वचन, प्रभुभोजन, प्रार्थना व उपवास, सोडू नयेत. साधने तिसऱ्या नियमात येतात; पहिल्या दोन्ही नियमांचा संबंध मुख्यतः इतर माणसांशी आहे.

पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश देणाऱ्या शास्त्र्यांना आणि परूश्यांना येशूने सांगितले की न्याय, दया आणि विश्वासूपणा या नियमशास्त्रातल्या मुख्य गोष्टी तुम्ही सोडल्या. त्या करायच्या होत्या आणि दशांशही सोडायचा नव्हता (मत्तय २३:२३). म्हणून दशांश देणाऱ्याने दशांश देत राहावे. मात्र वर्षभरात किती उपवास झाले याची वही जो जपून ठेवतो, त्याने त्याच वर्षात कुणाशी बोलणे सोडले आहे हेही त्याच वहीत लिहावे.

आत्म्याचे फळ आपल्यात आहे की नाही, हे कुठे पाहावे?

घरात. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन असे नऊ पैलू सांगितले आहेत. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला दुसरे माणूस लागते. एकट्याने बसून सहनशील होता येत नाही. उपासनेच्या दोन तासांत सौम्य राहणे कुणालाही जमते. सौम्यतेची खरी परीक्षा भाकरी वेळेवर झाली नाही तेव्हा, मुलाला परीक्षेत गुण कमी पडले तेव्हा, किंवा वयोवृद्ध सासऱ्यांनी तीच गोष्ट पुन्हा विचारली तेव्हा होते.

पेत्र पतींना लिहितो की त्यांनी पत्नीला मान देऊन तिच्याशी समंजसपणे राहावे, नाहीतर त्यांच्या प्रार्थनांना अडथळा येईल (१ पेत्र ३:७). या वचनाकडे आपल्या मंडळ्यांत पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे मला वाटते. जो भाऊ मोठ्याने प्रार्थना करतो आणि घरी हात उगारतो, त्याच्या प्रार्थनेविषयी शास्त्राने निर्णय आधीच दिलेला आहे. हेच हुंड्यालाही लागू आहे. मुलीच्या बापाला कर्जात लोटून झालेल्या लग्नाला पाळकांनी आशीर्वाद दिला म्हणून तो व्यवहार ख्रिस्ती होत नाही. त्यामुळे ज्याला आपले माप खरोखर हवे असेल त्याने पत्नीला, मुलांना आणि घरातल्या सुनेला विचारावे, आणि त्यांनी दिलेले उत्तर वाद न घालता ऐकून घ्यावे.

पैसा, मजुरी आणि शेतीचे व्यवहार यांचा आत्मिक जीवनाशी कितपत संबंध आहे?

माझ्या मते खानदेशात हाच भाग सर्वांत कमी तपासला जातो, आणि शास्त्र याच भागाविषयी बऱ्याच तपशिलात बोलते, म्हणून इथे थोडे विस्ताराने लिहितो.

मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय १९:१३ मध्ये सांगितले आहे. अनुवाद या पुस्तकात (२४:१४-१५) त्याचे कारण दिले आहे : तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते, मग तो आपला भाऊबंद असो की देशात राहणारा परका. आपल्याकडे कापसाची वेचणी किलोच्या दराने होते आणि संध्याकाळी बांधावर वजन केले जाते. काटा कुणाचा आहे, ओल म्हणून किती वजा केले, आणि बाजाराच्या दिवशी मिळायची रक्कम किती बाजारांपर्यंत लांबली, हे प्रश्न आत्मिक जीवनाचेच प्रश्न आहेत. पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची वजने ठेवू नयेत, हे अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. आपल्या काळात दोन वजने म्हणजे खेडा खरेदीतला एक काटा आणि गिरणीवरचा दुसरा, किंवा केळीच्या मालावर बागायतदाराला न सांगता लावलेली जादा कटती, म्हणजे वजनातली वजावट.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराचे) वर्ष संपते आणि नवे ठरते. त्या दिवशी हिशेब करणारा मालक ख्रिस्ती असेल, तर आजारपणात बुडालेले दिवस कसे धरले, वर्षभरात दिलेल्या धान्याचा भाव कोणता लावला, आणि सालदाराला लिहिता-वाचता येत नसेल तर आकडे त्याला समजतील असे सांगितले का, याची त्याने परीक्षा करावी. नंदुरबार जिल्ह्यातून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातच्या साखरपट्ट्यात जातात. विश्वासणारे भाऊ मजूर म्हणून जातात, तसे काही ठिकाणी मुकादमही असतात. उचल (आगाऊ रक्कम) किती दिली, ती फिटली की नाही, आणि न फिटल्यास कुणाच्या बायका-मुलांना आणखी एक हंगाम राबावे लागले, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेले असते. याकोब म्हणतो की शेतात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे (याकोब ५:४). हे शब्द त्याने धनवानांना उद्देशून लिहिले असले, तरी थोडीफार जमीन असलेल्या आणि दोन मजूर लावणाऱ्या कोणालाही ते लागू होतात.

मजुराचीही परीक्षा आहे. मालक नसताना केलेले काम, कापसात ओल किंवा माती घालून वाढवलेले वजन, घेतलेली उचल बुडवून दुसऱ्याकडे जाणे, हे देवासमोर लपत नाही. तरीही दोन्ही बाजू सारख्याच तोलाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. ज्याच्या हातात काटा आणि वही आहे त्याच्याकडे अधिक मागितले जाईल, कारण ज्याला पुष्कळ दिले आहे त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल, असे येशूनेच म्हटले आहे (लूक १२:४८).

पीक बुडाले, आजार बरा झाला नाही, कर्ज वाढले. आमचा विश्वास कमी पडला असे समजावे का?

असे समजू नये, आणि असे सांगणाऱ्याचे ऐकूही नये. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे येशूने सांगितले आहे (लूक १३:४). जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले तेव्हा याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले म्हणून हे झाले नाही, असे त्याचे उत्तर होते (योहान ९:३). ज्या प्रदेशात एका वर्षी पावसाचा खंड पडतो आणि दुसऱ्या वर्षी बोंडअळी येते, तिथे पिकावरून विश्वास मोजणे म्हणजे कष्टकऱ्याच्या दुःखावर दोष लादणे आहे. हबक्कूकच्या अखेरच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरू नाही, अशी स्थिती आहे आणि संदेष्टा त्या स्थितीतच प्रभूच्या ठायी हर्ष करतो.

चिन्हे आणि चमत्कार हेही माप नव्हे. प्रभूच्या नावाने भुते काढणाऱ्या आणि अद्भुते करणाऱ्या काहींना ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’ असे सांगितले जाईल, हे मत्तयच्या सातव्या अध्यायात आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना अवश्य करावी, आणि त्याला दवाखान्यातही न्यावे. औषध बंद करायला लावणे हे विश्वासाचे लक्षण नाही.

नातेवाइकांच्या सणांना जाण्या-न जाण्यावरून विश्वास मोजावा का?

या प्रश्नावर मंडळ्यामंडळ्यांत फरक आहे. पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी करिंथकरांना लिहिताना आणि दिवस पाळण्याविषयी रोमकरांना लिहिताना दोन गोष्टी एकत्र सांभाळल्या : एका देवाखेरीज दुसऱ्याची उपासना करू नये, आणि आपल्या मोकळीकीने दुर्बळ भावाला अडखळण होऊ देऊ नये. यांपैकी पहिलीविषयी माझ्या मनात शंका नाही. पण सातपुड्यातल्या होळीला किंवा भाऊबंदांच्या कानबाईच्या सणाला आलेल्या पाहुण्यांशी बोलायचेच नाही, म्हाताऱ्या मावशीला भेटायलाही जायचे नाही, हे पवित्रतेचे लक्षण मानणे मला शास्त्राला धरून वाटत नाही. पूजेत भाग न घेता नाते राखता येते, आणि ज्यांनी ते राखले त्यांच्या विश्वासाविषयी नातलग आदराने बोलतात.

प्रार्थना अहिराणीत, मावचीत किंवा पावरीत केली तर ती कमी दर्जाची ठरते का?

मुळीच नाही. शुद्ध मराठीत लांबलचक प्रार्थना करणारा अधिक आत्मिक असतो, ही समजूत सोडून द्यावी. पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे मानू नका, असे येशूने शिकवले (मत्तय ६:७). ज्या भाषेत माणूस रडतो आणि भांडतो त्या भाषेत केलेली कबुली बहुधा अधिक खरी असते.

प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षा कशी करावी?

माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी असे सांगणारे १ करिंथ ११:२८ हे वचन प्रभुभोजनाच्या वेळी वाचले जाते, आणि ते ऐकून पुष्कळ जण आठवड्यातले खासगी दोष आठवतात. काही जण त्या भीतीने भाकर आणि प्याला घेण्याचेच टाळतात. ते वचन ज्या प्रसंगाने लिहिले गेले, तो प्रसंग सतराव्या वचनापासून वाचायला हवा. करिंथमध्ये ज्यांच्याकडे होते ते आधीच जेवून घेत, एखादा मद्य पिऊन मस्त होई, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असा पौलाचा संतप्त प्रश्न आहे. शरीर न ओळखता खाण्यापिण्याविषयीचा त्याचा इशारा या पार्श्वभूमीवर येतो.

म्हणून त्या सकाळी विचारायचा पहिला प्रश्न मंडळीतल्या माणसांविषयी असावा. भिल, मावची, दलित आणि इतर पार्श्वभूमीचे विश्वासणारे एकाच चटईवर बसतात का, की ओळी आपोआप वेगळ्या पडतात? प्रीतिभोजनात वाढणारे कोण आणि भांडी घासणारे कोण, हे दर वेळी तेच असतात का? मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच मंडळाच्या निवडणुकीत विरोधात गेलेल्या भावाच्या हातून मी भाकर घेईन का? भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करावा, ही आज्ञा (मत्तय ५:२३-२४) इथेही लागू आहे. आणि परीक्षा झाल्यावर, ‘मग त्याने भाकर खावी’ असे पौल लिहितो. परीक्षेचा शेवट मेजापासून दूर राहण्यात व्हावा, अशी त्याची अपेक्षा दिसत नाही.

दररोजची परीक्षा कशी करावी?

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी घालून दिलेली रीत कॅथलिक मंडळीत आजही चालते आणि प्रॉटेस्टंट विश्वासणाऱ्यालाही ती वापरता येते. आधी मिळालेल्या कृपेबद्दल उपकार मानायचे, मग आपली पापे दिसावीत म्हणून प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने आठवायचा, जे चुकले त्याबद्दल क्षमा मागायची, आणि उद्यासाठी सुधारण्याचा निश्चय करायचा. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पहिली पायरी गाळू नये, कारण उपकार न मानता दोष मोजायला बसणारा लवकरच थकतो किंवा कडवट होतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाने तीनच गोष्टी पाहाव्यात : आज काय मिळाले, कुणाला दुखावले, उद्या सकाळी पहिले काय करायचे.

मला सतत अपराधी वाटते. कितीही कबुली दिली तरी मन शांत होत नाही. काय करावे?

लूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत असे आणि तरीही त्याला शांती मिळत नसे. ती त्याला स्वतःकडे अधिक बारकाईने पाहून मिळाली नाही, तर ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाकडे पाहून मिळाली. आपले हृदय आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या हृदयापेक्षा मोठा आहे, असे योहान लिहितो (१ योहान ३:२०). पौल तर म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे (१ करिंथ ४:३-४). अशा व्यक्तीने परीक्षेची वेळ कमी करावी, एका समजूतदार वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याशी बोलावे, आणि कबूल केलेले पाप पुन्हा उकरून काढू नये. झोप, भूक आणि कामातले लक्ष दीर्घकाळ उडाले असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर वेळ न घालवता घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जावे. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. उपचार घेणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे नव्हे.

बदल किती काळात दिसावा?

याचा ठराविक काळ नाही. केळी लावल्यावर कित्येक महिने नुसती पाने दिसतात, आणि बागेत रोज जाणाऱ्यालाही निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) आधी घडाचा माग लागत नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात माणूस बी टाकतो, रात्रंदिवस झोपतो-उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितानाही पौल म्हणतो की मी पूर्ण झालो आहे असे नाही, मी धावतो आहे.

पुढे गेलेला माणूस मागेही येऊ शकतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी उभा राहून बोललेला पेत्र पुढे अंत्युखियात लोकांच्या भीतीने परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला, आणि पौलाला त्याला तोंडावर विरोध करावा लागला (गलती २:११-१४). पंगतीतून उठणे हा दोष इतक्या मोठ्या प्रेषितातही उरला होता, तर जातीच्या आणि जमातीच्या पंगती पाहत वाढलेल्या आपण त्या बाबतीत वारंवार तपासणी करावी, हे उचितच आहे.

स्वतःची परीक्षा स्वतःच करायची, तर मंडळीची त्यात काय गरज?

आपले दोष आपल्याला दिसत नाहीत म्हणून. चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणावे आणि एकमेकांची ओझी वाहावी, असे गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे. दोघातिघांनी महिन्यातून एकदा बसावे. ऐकलेले बाहेर बोलणाऱ्याला त्यात घेऊ नये, आणि पाळकांनी अशी कबुली प्रवचनात उदाहरण म्हणून वापरू नये.

परीक्षेत अन्याय सापडला, पण ज्याच्यावर केला तो आता हयात नाही किंवा सापडत नाही. मग काय करावे?

यरीहोत जकातदारांचा प्रमुख असलेल्या जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि कुणाचे अन्यायाने घेतले असल्यास चौपट परत करण्याचे म्हटले, तेव्हाच येशूने ‘आज या घराला तारण झाले आहे’ असे उद्गार काढले. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम आणखी तपशिलात आहे : दोष कबूल करावा, घेतलेले पूर्ण परत करावे, त्यात पाचवा हिस्सा वाढवावा, आणि ज्याचे नुकसान केले तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला द्यावे, नातलगही नसेल तर ते परमेश्वराचे होते आणि याजकाकडे जाते. आपण नियमशास्त्राच्या दंडाखाली नसलो, तरी यातला क्रम आजही वापरता येतो. मेलेल्या सालदाराची राहिलेली मजुरी त्याच्या विधवेला किंवा मुलांना द्यावी, आणि ती किती वर्षे आपल्याकडे राहिली हे लक्षात घेऊन वाढवून द्यावी. कुटुंब ऊसतोडीला गेले असेल तर ते होळीला गावी परतण्याची वाट पाहावी. कुणीच सापडत नसेल तर ती रक्कम त्याच गावातल्या गरजू मजूर कुटुंबासाठी वापरावी. देताना मंडळीत जाहीर करू नये, आणि मदत म्हणून न देता देणे होते म्हणून द्यावे, म्हणजे घेणाऱ्याला उपकाराचे ओझे राहणार नाही.